प्रोस्टेट किती वाढली, यापेक्षा कुठे वाढली?

डोंबिवलीच्या एका गृहस्थांनी वडिलांचा सोनोग्राफी रिपोर्ट पाठवला आहे. वडील ६८ वर्षांचे. रात्री तीन-चारदा उठावं लागतं, धार बारीक झाली आहे. रिपोर्टमध्ये लिहिलंय : प्रोस्टेट ४१ सीसी, ग्रेड दोन, मीडियन लोब लघवीच्या पिशवीत ९ मिलिमीटर वर आलेला, लघवी करून आल्यावर पिशवीत ११० मिली शिल्लक, दोन्ही किडन्या नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, आधी गोळ्या देऊन बघू, नाहीतर दुर्बिणीतून काढू. शेजारच्या काकांची प्रोस्टेट ७० सीसी असूनही ते मजेत आहेत, आणि ओळखीच्या दुसऱ्या एका गृहस्थांना ऑपरेशननंतर लघवी गळायला लागली. त्यामुळे घरात गोंधळ आहे. मुलाचं विचारणं असं : ही ग्रंथी नेमकी असते कुठे, एवढीशी वाढून एवढा त्रास कसा होतो, कॅन्सरची भीती किती धरायची आणि ऑपरेशनमध्ये नक्की काय काढतात?

आकड्याचं आधी सांगतो, कारण रिपोर्ट हातात पडला की घरच्यांची नजर तिथेच जाते. सोनोग्राफीत प्रोस्टेटची लांबी, रुंदी आणि जाडी मोजतात, तिन्हींचा गुणाकार करतात आणि त्याला ०.५२ ने गुणतात. ४.६ गुणिले ४.३ गुणिले ४ सेंटिमीटर म्हणजे ४१ सीसी. तिन्ही मोजमापं दोन-दोन मिलिमीटरने इकडेतिकडे झाली की उत्तर पाच-सहा सीसीने बदलतं. त्यामुळे गेल्या वर्षी ३६ होती आणि यंदा ४१ झाली म्हणून झोप उडवून घेऊ नका. ‘ग्रेड दोन’ हा शिक्का तर मी वाचतही नाही. लघवीचा त्रास प्रोस्टेटच्या आकारमानावरून ठरत नाही, हे यूरोलॉजीच्या, म्हणजे मूत्रविकारांच्या, ओपीडीत रोज दिसतं. ३० सीसीवाला लघवी तुंबून रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत येतो आणि ९० सीसीवाला हर्नियाच्या तपासणीत योगायोगाने सापडतो. त्रास किती होणार, हे ग्रंथीचा कोणता भाग वाढला आणि तो कशाला खेटून आहे यावर ठरतं. म्हणून जागा नीट समजून घेऊ.

बेंबीपासून मध्यरेषेवर बोट खाली नेत गेलात की ओटीपोटाच्या शेवटी एक हाड लागतं. त्या हाडाच्या मागे, कमरेच्या हाडांच्या पोकळीत अगदी तळाशी प्रोस्टेट असते. पाठ्यपुस्तकात तिला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात. तिच्या वर लघवीची पिशवी टेकलेली, मागे गुदाशय, दोन्ही बाजूंना ओटीपोटाचा तळ तोलून धरणारे लिव्हेटर स्नायू आणि खाली लघवी रोखून धरणारा स्नायू. तरुण माणसात तिची रुंदी जेमतेम चार सेंटिमीटर आणि वजन साधारण वीस ग्रॅम. रुंद बाजू वर, पिशवीकडे. निमुळतं टोक खाली. पिशवीतून निघालेला मूत्रमार्ग या ग्रंथीच्या आरपार जातो, सुमारे तीन सेंटिमीटर. पुरुषाच्या सगळ्या त्रासाचं मूळ या तीन सेंटिमीटरमध्ये आहे.

तिचं काम मुलं होण्याशी जोडलेलं आहे, लघवीशी नाही. वीर्याच्या एकूण द्रवातला साधारण पाव भाग इथून येतो. बराचसा उरलेला भाग वीर्यकोशांचा. वीर्य बाहेर पडताच घट्ट होतं आणि पंधरा ते तीस मिनिटांत पातळ होतं. ते पातळ करणारं जे प्रथिन प्रोस्टेट बनवते, तेच पीएसए. ग्रंथीत त्याचं प्रमाण प्रचंड असतं, रक्तात अगदी थोडं झिरपतं. तपासणीत आपण ते झिरपलेलं मोजतो. कॅन्सरमध्ये ते वाढतं, साध्या वाढीत वाढतं, जंतुसंसर्गात वाढतं आणि कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातल्यावरही वाढतं. म्हणून कॅथेटर लागला असेल किंवा लघवीत इन्फेक्शन झालं असेल, तर पीएसए सहाएक आठवडे थांबून करावं. तुंबलेल्या माणसाला नळी घालून त्याच रक्तात पीएसए पाठवणं आणि १४ आकडा पाहून घर हादरवून सोडणं, हा प्रकार मुंबईत अजूनही चालतो.

आता आत शिरू. मूत्रमार्ग प्रोस्टेटमधून सरळ खाली जात नाही. मधोमध तो साधारण ३५ अंशांनी पुढे वळतो. त्या वळणापाशी मागच्या भिंतीवर एक छोटा उंचवटा असतो : व्हेरुमोंटॅनम. ऑपरेशन थिएटरमध्ये सगळे त्याला ‘व्हेरू’च म्हणतात. नसबंदीत जी नळी बांधतात ती शुक्रवाहिनी पिशवीच्या मागून उतरते, तिला त्या त्या बाजूच्या वीर्यकोशाची नळी मिळते आणि दोन्हींची मिळून झालेली बारीक वाहिनी प्रोस्टेटमधून तिरपी जाऊन व्हेरूच्या बाजूला उघडते. म्हणजे व्हेरूच्या वर फक्त लघवीचा रस्ता, खाली लघवी आणि वीर्य दोन्हींचा. हे लक्षात ठेवा, ऑपरेशनच्या वेळी लागेल.

हे वळण कॅथेटर घालतानाही आडवं येतं. पुरुषाचा मूत्रमार्ग अठरा-वीस सेंटिमीटर लांब. नळी बरीच आत गेली असं वाटतं, पण टोक वळणावर किंवा मीडियन लोबला अडून बसलेलं असतं. अशा वेळी नळी आत टिकवणारा तिच्या टोकाजवळचा फुगा फुगवला तर तो पिशवीत न फुगता प्रोस्टेटमध्येच फुगतो आणि रक्ताची धार लागते. घरी येऊन नळी बदलणाऱ्या ब्रदरला दोन गोष्टी बजावून सांगा : नळी शेवटपर्यंत आत जायला हवी, आणि लघवी बाहेर आलेली दिसल्याशिवाय फुग्यात पाणी भरायचं नाही. अडत असेल तर वाकड्या टोकाची नळी मिळते, ती वापरावी. जोर लावू नये.

रिपोर्टमध्ये ‘लोब’ हा शब्द आहे, त्याची गंमत अशी की प्रौढ माणसाची प्रोस्टेट कापून पाहिली तर वेगवेगळे लोब दिसतच नाहीत. १९१२ मध्ये लोझ्ली या अमेरिकन डॉक्टरांनी गर्भावस्थेतल्या ग्रंथीचा अभ्यास करून पाच लोब सांगितले आणि तीच भाषा पुढे चालत राहिली. आज आम्ही जी मांडणी वापरतो ती जॉन मॅकनील या पॅथॉलॉजिस्टची. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची अनेक वर्षं त्यांनी ग्रंथी वेगवेगळ्या पातळ्यांत कापून दाखवलं की तिच्यात वेगळ्या स्वभावाचे प्रदेश आहेत. मूत्रमार्गाला दोन्ही बाजूंनी बिलगून असलेला ट्रान्झिशन झोन; तरुणपणी तो ग्रंथीतल्या ऊतीचा जेमतेम पाच टक्के. वीर्य आणणाऱ्या वाहिन्यांभोवतीचा सेंट्रल झोन, सुमारे पंचवीस टक्के. आणि मागून व बाजूंनी सगळ्यांना वेढणारा पेरिफेरल झोन, सत्तर टक्के. पुढच्या बाजूला ग्रंथीच नाही, फक्त स्नायू आणि तंतूंचा पट्टा आहे.

वयानुसार होणारी साधी वाढ, जिला आम्ही बीपीएच म्हणतो, ती त्या पाच टक्क्यांतून होते. चाळिशीनंतर ट्रान्झिशन झोनमध्ये आणि मूत्रमार्गालगतच्या छोट्या ग्रंथींमध्ये गाठी धरू लागतात. त्या वाढत वाढत बाकीच्या ग्रंथीला बाहेर ढकलतात, इतकं की जो प्रदेश पाच टक्के होता तो निम्म्याहून अधिक जागा व्यापतो आणि पेरिफेरल झोन कडेला चपटा होऊन बसतो. याउलट कॅन्सर साधारण दहापैकी सात वेळा पेरिफेरल झोनमध्ये उगवतो. ट्रान्झिशन झोनमध्ये त्याहून बराच कमी, सेंट्रल झोनमध्ये क्वचित. म्हणजे एकाच ग्रंथीतले दोन आजार दोन वेगळ्या जागी राहतात. साधी वाढ मूत्रमार्गाशेजारी असल्यामुळे लवकर त्रास देते. कॅन्सर बाहेरच्या कडेला असल्यामुळे सुरुवातीला काहीच त्रास देत नाही. धार बारीक झाली म्हणजे कॅन्सर झाला, असं नसतं. आणि धार उत्तम आहे म्हणजे कॅन्सर नाहीच, असंही नसतं. साधी वाढ पुढे ‘कॅन्सरमध्ये बदलते’ ही समजूतही सोडून द्या. दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात, एवढंच.

आता तुमच्या वडिलांचा मीडियन लोब. मूत्रमार्गाच्या मागच्या बाजूच्या गाठींना बाजूला पसरायला वाव मिळाला नाही की त्या वर सरकतात आणि पिशवीच्या तोंडातून आत डोकावतात. रिपोर्टमधले ९ मिलिमीटर म्हणजे हे आत डोकावणं. पाचच्या आत असेल तर आम्ही फारसं मनावर घेत नाही, पाच ते दहा मध्यम, दहाच्या वर गेलं की औषधांवर फार भिस्त ठेवत नाही. याचं कारण यांत्रिक आहे. पिशवी आकुंचन पावते तेव्हा आतला दाब या लोबला पिशवीच्या तोंडावरच दाबतो. माणूस जितका कुंथतो तितकी वाट अधिक बंद होते. शेजारच्या काकांच्या ७० सीसीमध्ये वाढ बाजूंना झाली असेल आणि पिशवीचं तोंड मोकळं राहिलं असेल, तर ते मजेत असणारच. तुमच्या वडिलांच्या रिपोर्टमधला माझ्या लेखी महत्त्वाचा आकडा ४१ नसून ९ आहे.

आणि ११० मिली. पण तो मी डोळे झाकून मानणार नाही. सोनोग्राफी सेंटरवर पेशंटला लिटरभर पाणी पाजून बसवतात, नंबर तासाने लागतो, पिशवी गच्च ताणलेली असते. असा ताणलेला स्नायू नीट आवळत नाही. मग घाईघाईत, दाराबाहेर चार माणसं उभी असताना बाथरूमला जाऊन आल्यावर उरलेली लघवी खोटी जास्त दिसते. गच्च भरलेल्या पिशवीत मीडियन लोबही कमी दिसतो. परत करून घ्या : पिशवी बेताची भरलेली, शंभर ते दोनशे मिली, नेहमीसारखी लघवी लागली की तपासणी, मग निवांत लघवी करून पुन्हा मोजणी. मशीनमध्ये लघवी करून धारेचा वेग मोजण्याची यूरोफ्लो तपासणी त्याच दिवशी होते.

अडथळ्याची दुसरी बाजू स्नायूंची. प्रोस्टेटच्या गाठींमध्ये आणि पिशवीच्या तोंडापाशी आपल्या इच्छेबाहेरचा स्नायू भरपूर असतो. त्याला आवळायचा हुकूम अल्फा रिसेप्टरमार्फत जातो. टॅम्सुलोसिन किंवा तत्सम गोळी तो हुकूम अडवते, स्नायू सैल पडतो, काही दिवसांत धार सुधारते. ग्रंथी मात्र एक मिलिमीटरही लहान होत नाही. ती लहान करणारी औषधं वेगळी : फिनॅस्टेराइड, ड्युटॅस्टेराइड. त्यांना सहा महिने द्यावे लागतात, ग्रंथी साधारण पंचवीस टक्के आक्रसते. त्याबरोबर पीएसएही निम्म्यावर येतं. वर्षभर ड्युटॅस्टेराइड घेणाऱ्याचं पीएसए ३ आलं तर ते मनात ६ धरायचं. हे पेशंटला कोणी सांगत नाही, आणि पुढच्या डॉक्टरला पेशंट गोळीचं नाव सांगत नाही.

वरच्या अंगाला असलेल्या लघवीच्या पिशवीची गोष्ट मी जास्त गांभीर्याने घेतो, कारण प्रोस्टेटच्या साध्या वाढीमुळे जीव जायची वेळ आली तर ती बहुधा वरच्या बाजूने येते. तोंड अरुंद झालं की पिशवीचा स्नायू जास्त जोर लावतो आणि जाड होतो. दुर्बिणीतून पाहिलं तर आतली गुळगुळीत भिंत जाऊन तिथे आडवेतिडवे दोर दिसतात. दोरांच्या मधून अस्तर बाहेर फुगतं, त्या खिशांत लघवी साचते, खडे धरतात. पुढे स्नायू थकतो. किडनीकडून येणाऱ्या दोन्ही मूत्रवाहिन्या पिशवीच्या तळाशी, प्रोस्टेटच्या थोड्याच वर उघडतात. पिशवीतला दाब कायमचा चढा राहिला की त्या मागे फुगतात आणि किडन्या सुजतात. अशा माणसाला दुखत नाही. उलट तो सांगतो, ‘डॉक्टर, लघवी भरपूर होते, थेंब थेंब सारखी चालूच असते.’ पोटावर हात ठेवला तर पिशवी बेंबीपर्यंत आलेली असते आणि किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन चार-पाचपर्यंत चढलेलं असतं. वडिलांच्या किडन्या नॉर्मल आहेत ही रिपोर्टमधली सगळ्यात चांगली ओळ. तरी क्रिएटिनिन एकदा बघून ठेवा.

रात्रीच्या उठण्याचं सगळं खापर मात्र प्रोस्टेटवर फोडू नका. मधुमेह, संध्याकाळी पायावर चढणारी सूज, रात्रीचा चहा, झोपेत घोरणं, रक्तदाबाची उशिरा घेतलेली पाण्याची गोळी, अशा कितीतरी गोष्टी रात्री लघवी वाढवतात. तीन दिवस वेळ आणि माप लिहून काढा. लघवीचा थेंबन्‌थेंब मोजायचा म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण ही वही कित्येक महागड्या तपासण्यांपेक्षा जास्त सांगते. मुंबईत आणखी एक घोळ असतो : लोकलला टॉयलेट नाही, कल्याण-डोंबिवलीहून फोर्टात पोचायला तास-सव्वा तास, म्हणून माणूस दिवसभर पाणीच पीत नाही आणि घरी आल्यावर तांब्याच्या तांब्या रिचवतो. मग रात्री चारदा उठणारच.

मागच्या बाजूला गुदाशय. दोघांच्या मध्ये एक पातळ पडदा असतो. फ्रेंच सर्जन देनॉनव्हिलिएर यांनी १८३६ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्यांच्या नावाने तो ओळखला जातो. पडदा पातळ असला तरी पक्का आहे. प्रोस्टेटचा कॅन्सर गुदाशयात सहसा शिरत नाही, त्याचं थोडं श्रेय या पडद्याला जातं. गुदाशय इतका लगत असल्यामुळेच बोटाने तपासणी करता येते. पेशंट तिला सगळ्यात जास्त टाळतात आणि आजकाल काही डॉक्टरही टाळतात, हे मला पटत नाही. मिनिटभराचं काम आहे. बोटाखाली नेमका पेरिफेरल झोनचा मागचा भाग येतो, म्हणजे कॅन्सरची आवडती जागा. अंगठा करंगळीला टेकवून अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा दाबून पाहा. निरोगी प्रोस्टेट साधारण तशी लागते. कॅन्सरची गाठ बोटाच्या पेराच्या हाडासारखी टणक लागते. मात्र पुढच्या भागातली गाठ बोटाला लागत नाही आणि मीडियन लोबही पिशवीत वर असल्यामुळे लागत नाही. बोटाला सगळं ठीक वाटलं तरी पीएसए लागतंच, ते त्यामुळे.

बायोप्सीचा प्रश्न आला तर तिथेही हीच रचना आडवी येते. गुदाशयातून सुई घालणं सोपं, पण सुई जंतूंच्या वस्तीतून जाते आणि ताप येण्याचा धोका राहतो. वृषणांची पिशवी आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून सुई घातली तर तो धोका बराच कमी होतो, शिवाय पुढच्या भागापर्यंत पोचता येतं. मला दुसरी पद्धत पसंत आहे. त्याआधी एमआरआय करून संशयाची जागा कोणत्या झोनमध्ये आहे हे पाहावं. पेरिफेरल आणि ट्रान्झिशन झोनसाठी एमआरआय वाचायचे नियमही वेगळे आहेत.

बद्धकोष्ठाचं एक जाता जाता. गुदाशय गच्च भरला की तो पुढे दाबतो, आणि काठावर असलेल्या माणसाची लघवी तेवढ्यानेही तुंबते. पोट साफ ठेवा, कुंथू नका. सतत कुंथण्याने हर्निया होतो तो वेगळाच.

बाजूंना, जरा मागच्या अंगाला, घड्याळाचे पाच आणि सात वाजतात त्या ठिकाणी रक्तवाहिन्या आणि नसांचे दोन जुडगे प्रोस्टेटला चिकटून खाली जातात. शिश्न ताठ करणाऱ्या नसा याच. वैद्यकशास्त्राला त्यांची नेमकी जागा कळायला विसाव्या शतकाची ऐंशी वर्षं लागली, यावर आज विश्वास बसत नाही. परळच्या डिसेक्शन हॉलमध्ये फॉर्मलिनमधलं शव उघडणाऱ्या कोणालाही कारण कळेल : तिथे प्रोस्टेट, चरबी, पडदे सगळं दाबून एकजीव झालेलं असतं आणि या केसाएवढ्या नसा डोळ्याला दिसत नाहीत. हॉलंडमधल्या लायडनचे निवृत्त यूरोलॉजिस्ट पीटर डॉन्कर यांनी मृत जन्मलेल्या अर्भकाच्या देहात त्या सोडवायला घेतल्या. १९८१ मध्ये अमेरिकेचे पॅट्रिक वॉल्श त्यांच्याकडे गेले आणि दोघांनी मिळून पाहिलं की नसा ग्रंथीच्या आवरणाच्या बाहेरून जातात. म्हणजे ग्रंथी पूर्ण काढूनही त्या वाचवता येतील. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९८२ मध्ये, वॉल्श यांनी त्या जाणूनबुजून वाचवून कॅन्सरची पहिली शस्त्रक्रिया केली. त्याआधी अशा ऑपरेशननंतर पुरुषत्व गेलंच असं गृहीत धरत.

पुढच्या बाजूला, हाड आणि ग्रंथी यांच्या मध्ये, शिरांचं जाळं असतं. इटालियन शरीरशास्त्रज्ञ सँटोरिनी यांचं नाव त्याला मिळालं आहे. एकेकाळी कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत इथूनच रक्ताचा पूर यायचा. या शिरांचा संबंध मणक्याभोवतीच्या शिरांशी आहे आणि त्या शिरांमध्ये झडपा नसतात, रक्त दोन्ही दिशांना जाऊ शकतं. ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये शवांत रंगद्रव्य सोडून हे दाखवलं. प्रोस्टेटचा कॅन्सर कमरेच्या मणक्यात लवकर का पोचतो, याचा एक खुलासा इथे मिळतो. साठीच्या माणसाची कंबर दुखते ती बहुतेक वेळा झिजेमुळे. पण पीएसए चढलेलं आणि कंबर रात्री आडवं पडल्यावरही दुखतेय, तर मणका तपासायला हवा.

राहिली खालची बाजू आणि गळतीची भीती. लघवी रोखणाऱ्या दोन जागा आहेत. एक वर, पिशवीच्या तोंडाशी, आपोआप चालणारी. दुसरी प्रोस्टेटच्या टोकाखाली, मूत्रमार्गाला पुढून आणि बाजूंनी वेढणारा स्नायू, जो आपण लघवी मध्येच थांबवताना आवळतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये, म्हणजे टीयूआरपी किंवा लेझरच्या होलेपमध्ये, आम्ही आतली वाढलेली गाठ काढतो. बाहेरचा चपटा झालेला पेरिफेरल झोन आणि आवरण जागच्या जागी राहतं. खालची हद्द व्हेरूची. तो ओलांडला नाही तर खालचा स्नायू सुरक्षित राहतो आणि नसांचे जुडगे आवरणाबाहेर असल्यामुळे सहसा शाबूत राहतात. वरची जागा मात्र मोकळी होते. त्यामुळे बहुतेकांचं वीर्य पुढे न येता उलटं पिशवीत जातं आणि नंतर लघवीवाटे निघून जातं. सुख तेच राहतं, अपाय काही नाही, पण आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरतो. सुरुवातीचे काही आठवडे घाई झाली की थेंब जातात, तेही ओसरतं.

तुमच्या ओळखीच्या गृहस्थांचं ऑपरेशन बहुधा वेगळं असणार. कॅन्सरसाठी पूर्ण प्रोस्टेट वीर्यकोशांसकट काढतात आणि पिशवीचं तोंड खाली मूत्रमार्गाला शिवतात. तिथे वरची जागा उरतच नाही, सगळा भार खालच्या स्नायूवर पडतो, आणि नसांचे जुडगेही शस्त्रक्रियेच्या अगदी काठावर येतात. गळती आणि लैंगिक दुर्बलता या त्या ऑपरेशनच्या भीती आहेत. दोन्हींना लोक ‘प्रोस्टेट काढली’ असंच म्हणतात आणि घराघरांत गैरसमज पसरतो.

हा गोंधळ सर्जननाही चुकला नव्हता. पीटर फ्रेयर हे आयरिश सर्जन दोन दशकं हिंदुस्थानात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते, मूतखडे फोडण्यात त्यांचं नाव होतं. रामपूरच्या नवाबाने त्यांना लाखाचं इनाम दिल्याचा किस्सा आमच्या क्षेत्रात अजून सांगतात. लंडनला परतल्यावर त्यांनी ओटीपोटातून पिशवी उघडून बोटाने गाठ सोडवायला सुरुवात केली आणि १९०१ मध्ये जाहीर केलं की आपण संपूर्ण प्रोस्टेट काढतो. त्यावर मोठा वाद झाला. काढत होते ती आतली गाठच, बाकी ग्रंथी मागे राहत होती. म्हणून दुर्बिणीच्या ऑपरेशननंतरही पीएसए चालू ठेवावं लागतं : कॅन्सरची आवडती जागा तशीच शिल्लक आहे.

वडिलांबद्दल माझं मत असं. किडन्या ठीक आहेत, इन्फेक्शन नाही, लघवी एकदाही पूर्ण तुंबलेली नाही, तर आजच टेबलावर घ्यायची गरज नाही. बोटाने तपासणी, पीएसए, क्रिएटिनिन, यूरोफ्लो आणि नीट केलेली सोनोग्राफी आधी होऊ द्या. दोन-तीन महिने गोळी द्या. ९ मिलिमीटरचा मीडियन लोब पाहता गोळीने अर्धामुर्धाच फरक पडेल असा माझा अंदाज आहे. उरलेली लघवी वाढत गेली तर ऑपरेशन टाळत बसू नका, पिशवीचा स्नायू थकण्याआधी केलेलं बरं. लघवी पूर्ण अडली, थंडी वाजून ताप आला, रक्ताच्या गुठळ्या पडल्या किंवा क्रिएटिनिन चढलं, तर थांबायचं नाही.

टॅम्सुलोसिनची पहिली गोळी रात्री जेवणानंतर द्या, अंथरुणातून उठताना चक्कर येऊ शकते. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी चालू आहे हे आधी सांगा. बुबुळ त्यामुळे ढिलं पडतं. आणि पावसाळ्यात सर्दी झाली म्हणून केमिस्टकडून आणलेली साधी गोळी घेऊ नका. तिच्यात बहुधा फिनाइलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन असतं. पहिलं पिशवीचं तोंड आवळतं, दुसरं पिशवीचा स्नायू सुस्त करतं. जून-जुलैत लघवी तुंबून येणाऱ्यांना मी आधी हेच विचारतो : सर्दीला काय घेतलंत?